भित्रा मुधोळ जातीचा कुत्रा घरी आणलाय, २१ दिवस झाले, पलंगाखालून बाहेर येत नाही

वडगावची_मी | २६ जुलै

नमस्कार. इथं आजवर वाचनमात्र होते, आता गरज पडली म्हणून लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

५ जुलैला आम्ही एक कुत्रा घरी आणला. यरगट्टीकडं जाणाऱ्या रस्त्याला उसाच्या फडाशी तो सापडला होता. गळ्यात तुटका काथ्या, मागच्या पायाला जुनी जखम. बेळगावातल्या काही पोरांनी त्याला दीड महिना सांभाळलं, नसबंदी करून घेतली, मग आमच्याकडं दिला. वय अंदाजे दोन. रंग हरणाचा, तोंड लांबोळकं, कंबर एवढीशी. पोरं म्हणाली मुधोळ आहे, अस्सल नाही, मिश्र. आम्ही नाव हरण्या ठेवलं.

आमचं घर बेळगावच्या वडगावात, जुनं. सोपा, मधलं घर, मागं परसू. भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचे चार यंत्रमाग, दिवसभर खटखटाट. घरात मी, नवरा (उद्यमबागेत कामाला) आणि सासूबाई. सगळी गल्ली त्यांना आज्जी म्हणते, म्हणून मीही आज्जीच म्हणते.

पहिल्या दिवशीच घोळ झाला. अख्खी गल्ली बघायला जमली. आज्जीनं दारात भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं, पोरांनी 'हरण्या हरण्या' असा गिल्ला केला. तो उंबऱ्यातच मुतला आणि मधल्या घरातल्या पलंगाखाली घुसला. तिथंच आहे अजून. आम्ही झोपलो की रात्री खातो, परसात जाऊन येतो, परत पलंगाखाली. मी रोज समोर बसते, हात पुढं करते, गोड आवाजात बोलावते, चिकन दाखवते. तो थरथरतो आणि भिंतीकडं तोंड करतो. दोनतीनदा गुरगुरला तेव्हा मी रागावले, तर गुरगुरणं थांबलं. मला वाटलं सुधारला.

काल भाचा आला होता, वय ७. त्यानं पलंगाखाली हात घातला आणि हरण्यानं काही आवाज न करता चावा घेतला. मोठा नाही, दोन थेंब रक्त. नवरा म्हणतो परत देऊन ये. आज्जी म्हणते, "कुत्रं म्हणून भूत आणलीस घरात."

परत द्यायचा नाहीये मला. काय चुकतंय?

---

गोठा_ते_घर

ताई, कुत्र्याचं नंतर. आधी पोराचं.

रक्त आलंय म्हणजे ती तिसऱ्या, सगळ्यात गंभीर वर्गातली जखम. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, काल धुतली असली तरी आज परत धुवा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. आजच सरकारी दवाखान्यात न्या. रेबीजची लस आज, मग ३, ७ आणि २८व्या दिवशी, आणि पहिल्याच खेपेला जखमेत रेबीजविरोधी सीरम. कुत्र्याला लस दिलीय म्हणून पोराची टाळायची नाही. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवा, खाणंपिणं नीट आहे ना बघा. हा प्रतिसाद वाचून झाला की उठा.

आता कुत्र्याचं. मी जनावरांच्या दवाखान्यात ३० वर्षं काढली, निवृत्त आहे. गुरगुरणं ही त्याची घंटा. 'लांब राहा' एवढंच तो सांगत होता. तुम्ही रागावून घंटा काढून घेतलीत, भीती तशीच राहिली. मग घंटा न वाजवता चावला. यापुढं गुरगुरला तर दोन पावलं मागं या आणि मनात त्याचे आभार माना.

---

वडगावची_मी

काका, नेलं. सीरम झालं, पहिली लस झाली. पोरापेक्षा मीच जास्त रडले. घंटेचं वाचून पोटात कालवलं.

---

निपाणीचा_काका

चुकलं एवढंच की तुम्ही त्याच्या मागं लागलाय. सगळेच लागतात, मीही लागलो होतो.

हे करून बघा. समोर बसायचं बंद. खोलीत जा, त्याच्याकडं पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसा, पेपर वाचा, गहू निवडा, काहीही करा. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. कुत्र्याच्या जगात टक लावून बघणं म्हणजे भांडण काढणं. हात पुढं करायचा नाही, वाकून डोक्यावरून तर मुळीच नाही. उठताना मागच्या मागं एक तुकडा टाका आणि चालू पडा. तुकडा *तुमच्याकडं* नको, त्याच्या *पलीकडं* टाका. म्हणजे खाण्यासाठी त्याला तुमच्याजवळ यावं लागत नाही, उलट तुमच्यापासून लांब जायला मिळतं. लांब जायला मिळतं हे कळलं की जवळ येण्याचं धाडस होतं. ऐकायला उलटं वाटतं, खरं चालतं.

आणि तोंड लांबोळकं, कंबर बारीक म्हणून तब्येत खराब समजू नका, ती जातच तशी. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात: तीन दिवसांत धक्का ओसरतो, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. आमच्या चंपीनं आठ महिने घेतले. ठोकताळा पाळायला तिनं तो वाचला नव्हता.

---

बिनधास्त_बापू

काय हे कौतुक! आमच्या लहानपणी कुत्रं दारात असायचं, शिळी भाकरी खायचं, घर राखायचं. दोन दिवस उपाशी ठेवा, तिसऱ्या दिवशी शेपूट हलवत येतंय का नाही बघा.

---

गोठा_ते_घर

बापू, येईल. भूक आणेल त्याला, पण भूक गेली की तो परत पलंगाखाली. आणि भुकेलेला अधिक घाबरलेला कुत्रा कोपऱ्यात गाठला की काय होतं ते कालच त्या पोराला कळलंय. तुमच्या लहानपणीचं ते दारातलं कुत्रं दारातच जन्मलेलं होतं. त्याला माणसांचं भय शिकवलं कुणी नव्हतं. ह्याला शिकवलंय.

ताई, त्याला दाखवून घेतलंत का? पावसाळ्यात गोचिडांचा ताप हमखास. हिरड्या पांढऱ्या पडल्यात का, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड आहेत का बघा. जवळ जाता येत नसेल तर घाई नको, झोपलेला असताना बॅटरीनं लांबून बघा. जंताचं औषध खाण्यातून देता येतं. अंगात ताप असलेला कुत्रा लाजाळू नसतो, आजारी असतो. दोन्हीत गफलत होते.

---

संकेश्वरी_मिरची

मुधोळ म्हटल्यावर मला राहवेना. आमच्याकडं दोन होते, एक देवाघरी गेला.

ही जात मुळात अंगाशी येऊन प्रेम करणारी नव्हे. मुधोळ संस्थानच्या घोरपड्यांनी, विशेषतः राजे मालोजीरावांनी, ती जोपासली. २००५ साली तिच्यावर टपाल तिकीट निघालं, २०१६ला लष्करानं पिल्लं मेरठला नेली. तिम्मापूरला संशोधन केंद्र आहे. एवढं सगळं झालं तरी परक्यानं अंगाला हात लावलेला त्यांना चालत नाही. हा स्वभावच आहे. तुमच्या हरण्यात भीती किती आणि जात किती हे सहा महिन्यांनी कळेल. लॅब्रॅडॉरसारखा मांडीत येईल अशी वाट बघत बसलात तर दोघंही दुःखी व्हाल.

आता जास्त महत्त्वाचं. पट्टा कसला आहे? साधा असेल तर आजच बदला. मुधोळची मान डोक्याइतकीच जाड असते. मागं सरकला की पट्टा कानांवरून सुळकन निघतो. माझा निघाला होता.

गणपती विसर्जनाच्या रात्री फटाका फुटला, हा मागं सरकला, मोकळा झाला आणि ताशी किती वेगानं गेला देव जाणे. ससे पकडायला बनवलेलं जनावर, माणसाच्या हातात काय येणार? गावची पोरं बॅटऱ्या घेऊन हाका मारत फिरली. जेवढ्या हाका तेवढा तो लांब, घटप्रभेच्या अंगाच्या उसात. तिसऱ्या दिवशी एक धनगर मामा भेटले. म्हणाले, "पोरी, गप कर सगळ्यांना. जिथं शेवटचं दिसलं तिथं तुझं नेसतं लुगडं टाक, त्याचं पोतं टाक, भाकरी ठेव, आणि जा." धुतलेली नको म्हणाले, वासाची दे. मी दोन रात्री तिथं बांधावर बसले, पाठ करून, न बोलता. दुसऱ्या रात्री पहाटे माझ्या साडीवर येऊन झोपला. मी अर्धा तास हललेही नाही. डासांनी फोडून काढलं.

---

काँग्रेस_विहीर

+१. दोन पट्टे, दोन दोऱ्या: एक गळ्यातला, एक छातीचा. पहिले तीन महिने दाराला आतून कडी. दूधवाला, पेपरवाला, सगळ्यांना सांगून ठेवा.

---

वडगावची_मी | ९ ऑगस्ट

मंडळी, प्रगती आहे. सगळं सांगते.

समोर बसणं बंद केलं. पाठ करून बसते, शेंगा फोडते. चौथ्या दिवशी पाठीमागं नखांचा आवाज आला. मान वळवायचा एवढा मोह झाला की काय सांगू! वळवली नाही. तुकडा पलीकडं टाकायचं पण चाललं. आता पलंगाबाहेर येऊन खातो, मी खोलीत असताना.

पोत्यावर घरातली जुनी घोंगडी टाकली, ती त्यानं ओढून पलंगाखाली नेली.

झाडूचं एक लक्षात आलं. आज्जीनं केर काढायला खराटा उचलला आणि हरण्या जमिनीला चिकटला, नुसता नाही, सपाट झाला. काठीनं मारलंय त्याला कुणीतरी. आता खराटा परसात ठेवलाय, केर तो झोपल्यावर काढतो.

आणि मागांचं. मला वाटायचं खटखटाटाला घाबरत असेल. उलट आहे! माग चालू असले की तो निवांत, कान पाडून झोपतो. लाइट गेली, माग थांबले, गल्ली एकदम गप्प झाली की ताडकन उठतो. शांततेत त्याला बाहेरची प्रत्येक बारीक चाहूल ऐकू येत असणार.

आणि आता गंमत. आमचे दूध घालणारे मामा बैलहोंगलकडचे. परवा दार उघडं राहिलं, त्यांनी आत पलंगाखाली बघितलं आणि सहज म्हणाले, "बारो तम्मा, अंजब्याड." हरण्यानं शेपटीचं टोक हलवलं. देवाशप्पथ. २१ अधिक १४ असे ३५ दिवस मी 'ये बाळा, ये सोन्या' करत होते आणि ह्याला कन्नडमधलं 'ये रे, घाबरू नको' कळतंय!

---

टिळकवाडी_तिसरं_गेट

हाहाहा. म्हणजे पाहुणा कर्नाटकातलाच निघाला. आता सीमाप्रश्न पलंगाखाली.

---

बिनधास्त_बापू

बघा, आमच्या घरात पण कानडीत बोलायचं का आता? ह्यासाठी आपण १ नोव्हेंबरला काळे झेंडे...

---

व्यवस्थापक

बापू, धागा कुत्र्याचा आहे. त्या विषयाला दुसरे शंभर धागे आहेत. पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

---

निपाणीचा_काका

निपाणीत आमचं अर्धं घर कानडीत भांडतं आणि मराठीत जेवतं, त्यामुळे मला नवल वाटत नाही. त्याला भाषा कळत नाही, सूर कळतो. 'हचा' म्हणत हाकलला गेला असेल आणि 'बारो' म्हणत एखाद्या म्हातारीनं तुकडा टाकला असेल. तो सूर त्याच्या कानात राहिला. वहिनी, तुम्ही 'बारो' शिका. मग हळूहळू 'बारो, ये' असं जोडून म्हणा आणि प्रत्येक वेळी तुकडा टाका. महिन्याभरात नुसतं 'ये' चालेल.

---

वडगावची_मी

तेच करतेय. आज्जीला कानडी माझ्यापेक्षा चांगलं येतं, माहेर खानापूरकडचं असलं तरी बाजार शहापुरात गेला आयुष्यभर. पण ती त्याच्याशी बोलायलाच तयार नाही. "मी भूताशी बोलत न्हाई."

---

सातासमुद्रापार

आज्जींचं वाचून अनगोळच्या मामींची आठवण आली. इथं परदेशात असं बोलायला कुणी नाही. लिहीत राहा.

---

वडगावची_मी | २ सप्टेंबर

गणपतीच्या आधी धास्ती होती. कपिलेश्वर तलावाकडं जाणाऱ्या मिरवणुका, ढोल, ताशे, फटाके. शेजाऱ्यांशी बोलले. विसर्जनाच्या रात्री माग उशिरापर्यंत चालवू म्हणाले, सुट्टी असून! सगळ्या खिडक्या लावल्या, घोंगडी, मधल्या घरात दिवा. गोठा_ते_घर काकांनी सांगितलं तसं कुणीही त्याला कुरवाळत बसलो नाही, आणि बाहेरही काढला नाही. तो थरथरला, धापा टाकल्या, पण मागांच्या आवाजाला धरून राहिला. पहाटे चारला झोपला.

पट्टा बदललाय. मिरचीताई, तुम्ही चित्र पाठवलंत तसला, ओढला की थोडा आवळतो पण गळा दाबत नाही. परसापर्यंत जातो दोरीला. गल्लीत अजून नाही. गोचीड निघाले, १४, ताप नव्हता.

भाच्याची शेवटची लस झाली. तो आता पलंगाजवळ जात नाही, लांबून 'हरण्या, बारो' म्हणतो आणि पळतो.

---

शांत_नदी

कुणी सांगेल का, घरात लहान मूल असेल तर असा कुत्रा घ्यावा का? आमची मुलगी ४ वर्षांची.

---

गोठा_ते_घर

भित्रा आणि वय मोठं, असं असेल तर नको. मुलाला कुत्र्याची घंटा ऐकू येत नाही आणि ती ऐकायला शिकवणं तुमच्याच्यानं चोवीस तास होत नाही. मुलांत वाढलेलं पिल्लू बघा, किंवा दोनतीन वर्षं थांबा. घ्यायचाच झाला तर चावल्याचा इतिहास स्पष्ट विचारा, मुलाला घेऊन चार वेळा भेटून या. देणारे 'फार गोड आहे' म्हणतात. गोड सगळेच असतात. *भीती वाटल्यावर तो काय करतो?* हे विचारा.

---

शांत_नदी

हं. थांबतो.

---

वडगावची_मी | २१ सप्टेंबर

थोडं वाईट. नवऱ्यानं घाई केली. हरण्या आता जवळ येऊन हात हुंगतो म्हणून त्यानं सरळ डोक्यावरून हात फिरवला. हरण्या झटकन मागं गेला, ताट पडलं, आवाज झाला, परत पलंगाखाली. चार दिवस माझ्याकडंही आला नाही. नवरा स्वतःवरच चिडला, मग माझ्यावर. जेवण न बोलता झालं.

त्यात एक शिकले. हुंगू दिल्यावर छातीच्या किंवा हनुवटीच्या खाली तीन सेकंद खाजवायचं आणि थांबायचं. परत नाक पुढं आणलं तर आणखी तीन सेकंद. नाही आणलं तर संपलं. हे नवऱ्याला लिहून भिंतीवर चिकटवलंय, पंचांगाच्या खाली.

---

टिळकवाडी_तिसरं_गेट

नवरोबांना सांगा, आमच्याकडं असा नियम बायकोनं १२ वर्षांपूर्वी लावलाय.

---

संकेश्वरी_मिरची

मागं गेलेलं कुत्रं पहिल्यापासून सुरू करत नाही हो. चार दिवसांनी आला ना? आधी २१ दिवसांतही आला नव्हता.

---

वडगावची_मी | १५ ऑक्टोबर

हे मला आता लिहावंच लागणार.

आज्जी. जी त्याला भूत म्हणते, जी त्याच्याकडं तीन महिने एकदाही वळून बघत नाही, जी रोज दुपारी सोप्यात पाय लांब करून तांदूळ निवडते आणि माग चालू असताना झोपते. काल मी स्वयंपाकघरातून आले तर सोप्यात आज्जी, पुढं सूप, आणि तिच्या पायापासून एका हातावर हरण्या. उजेडात. दिवसाढवळ्या. पोट जमिनीला, पुढचे पाय लांब, आणि डोळे अर्धे मिटलेले.

मी दारात थिजले. आज्जीनं मला बघितलं आणि ओठ न हलवता म्हणाली, "हे कशाला येऊन बसालंय माझ्याजवळ? मी काय केलो न्हाई."

म्हटलं, आज्जी, काही न केल्यामुळंच.

"मग आता काय करू?"

काहीच नको.

ती तासभर तशीच बसली. पाय आखडला तरी हलवला नाही. सूपातले तांदूळ चारदा निवडून झाले.

---

निपाणीचा_काका

माझ्या चंपीनंही घरातल्या सगळ्यात खडूस माणसाला निवडलं होतं. मलाच.

---

गोठा_ते_घर

आज्जींना माझा नमस्कार सांगा. आणि सूप उचलून ठेवायला सांगा, भुकेला झाला तर तांदूळ खाईल, कच्चे पोटाला बाधतात.

---

बिनधास्त_बापू

आता मी काही बोलत नाही. बरं वाटलं वाचून.

---

वडगावची_मी | ७ नोव्हेंबर

दिवाळी पार पडली. किल्ल्याशेजारी पोरांनी फुलबाज्याच उडवल्या, मोठ्या बारांसाठी गल्लीच्या टोकाला जा म्हणून आज्जीनं दम भरला. नरक चतुर्दशीच्या पहाटे लांबून बार फुटले तेव्हा हरण्या पलंगाखाली गेला. दहा मिनिटांनी आपला आपण बाहेर आला, आज्जीच्या कांबळीवर चढला, आणि आज्जी म्हणाली, "सरक तिकडं, माझी जागा आहे." सरकला नाही.

गल्लीच्या टोकापर्यंत दोरीला जातो, माझ्या डाव्या अंगाला, भिंतीला चिकटून. नवऱ्याला अजून फक्त हुंगतो. नवरा म्हणतो ठीक आहे, त्याला तेवढं पुरे झालं.

आज सकाळी भाकरी करताना उतरंडीवरची एक भाकरी गायब झाली. उचलताना तो चोरपावलांनी आला, मला न बघता, आणि परसात नेऊन खाल्ली. त्याला घाबरून नाही, चोरी करून पळालेलं पहिल्यांदा बघितलं.

---

काँग्रेस_विहीर

चोर म्हणून पकडलात की सोडलात?

---

वडगावची_मी

आज्जीनं दुसरी करून दिली.

---

चंदगडी

उशिरा आलो. तो पट्टा, ओढला की आवळणारा, कुठं मिळेल? चंदगडला तसला मिळेना. माझ्याकडं पण असाच एक आलाय, अजून पोत्याखालून बाहेर येत नाही.

---

वडगावची_मी

मी तयार नव्हता घेतला. शहापुरात बॅगा आणि बैलांचे कासरे शिवणारे एक काका आहेत, त्यांना मिरचीताईंनी पाठवलेलं चित्र दाखवलं, पट्टी सुती आणि दोन इंच रुंद घ्यायला लावली, मुधोळची कातडी पातळ असते म्हणून. आधी दोरीनं मानेचं माप घ्या, डोक्याचंही घ्या, कानांच्या खालून. तो झोपला असताना घ्या. आणि मापाला गेलात तर हात वरून नको.